सोनखतापासून सेप्टिक टाकीपर्यंत : वर्धा जिल्ह्यातील संडासाचा इतिहास

घरगुती सेप्टिक टाकी वर्धा जिल्ह्यात सर्वदूर पोहोचली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर. तिच्याआधी इथे मैल्याच्या विल्हेवाटीच्या तीन रीती होऊन गेल्या : गावाच्या कडेची गोदरी, शहरातला टोपलीचा संडास आणि आश्रमांतला चराचा संडास. यातली तिसरी रीत वर्ध्याची खास म्हणावी अशी, कारण तिच्यावर इथे जेवढा विचार, जेवढे श्रम आणि जेवढा वाद झाला तेवढा देशात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. मैला उचलायचा कोणी आणि उचलल्यावर त्याचे करायचे काय, हे दोन प्रश्न प्रत्येक रीतीपुढे होते. सेप्टिक टाकीने ते कायमचे मिटवले असे घर बांधणाऱ्याला वाटते. टाकी ते मिटवत नाही. दोन-तीन वर्षे लांबणीवर टाकते. वर्ध्यातल्या शंभर वर्षांच्या अनुभवातून हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढण्यात आला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठा येथे होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या लहानशा गावी हलले आणि तिथे नदीच्या नावाचे नवे शहर वसले. पुढच्याच वर्षी मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. कापसाच्या व्यापारावर हिंगणघाट, आर्वी, पुलगाव वाढत गेले, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि माणसे दाटीने राहू लागली.

खेड्यात संडास नव्हताच. पुरुष नाल्याकाठी किंवा वावराच्या धुऱ्यावर जात. बायकांसाठी गावाच्या एका अंगाला गोदरी असे आणि तिथे जायची वेळ म्हणजे उजाडायच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर. आजारी बाई, गरोदर बाई, म्हातारी यांना मधल्या वेळेत कळ सोसण्यावाचून इलाज नसे. पावसाळ्यात हाल दुप्पट होत. जिल्ह्यातली काळी कपाशीची जमीन पाण्याने फुगते, चिकट होते आणि पाणी खाली पाझरू देत नाही. उघड्यावरचा मैला अशा जमिनीत मुरत नाही. तो पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात आणि कठडा नसलेल्या विहिरीत उतरतो. पटकी, विषमज्वर, हगवण हे पावसाळ्याचे ठरलेले पाहुणे होते. अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांतून शिरणारा हुकवर्म हा जंत वर्षभर रक्त शोषत राही.

शहरात घराच्या मागच्या भिंतीला लागून संडास बांधला जाई. बसायचा ओटा उंचावर, खाली टोपली किंवा पत्र्याचा डबा आणि मागे डबा काढून न्यायला अरुंद गल्ली. घराच्या पुढच्या दाराचा आणि या गल्लीचा संबंध येऊ नये अशीच रचना असे. टोपली रिकामी करणारे स्त्री-पुरुष ठरावीक जातींचे होते. मैला डोक्यावरून किंवा बैलगाडीतून शहराबाहेरच्या डेपोवर जाई. तिथे तो चरांत पुरून त्याचे सोनखत करायचे आणि शेतकऱ्यांना विकायचे, अशी पद्धत अनेक नगरपालिकांत होती. खताला किंमत होती, पण ते वाहून नेणाऱ्याला वस्तीत जागा नव्हती. पावसात टोपलीतून गळणारे पाणी अंगावर येई. सुट्टी, विमा, हातमोजे या गोष्टींचे नावही नव्हते. ही व्यवस्था स्वस्त वाटे, कारण तिचा खरा खर्च एकाच समाजाच्या अंगावर टाकलेला होता.

या व्यवस्थेला जिल्ह्यात पहिला उघड छेद आश्रमांनी दिला. ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा भावे वर्ध्यात आले आणि जमनालाल बजाज यांच्या पाठबळावर इथे सत्याग्रहाश्रम सुरू झाला. साबरमतीच्या आश्रमात संडाससफाई आश्रमवासीयांनी स्वतः करण्याचा परिपाठ आधीच पडला होता. विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा हे काम तिथे पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांपैकी होते. तोच नियम वर्ध्यात आला. ब्राह्मण घरात वाढलेल्या तरुणाने सकाळी उठून दुसऱ्याचा मैला भरलेला डबा उचलायचा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती; घरच्यांनी अशा मुलांना पंक्तीत घेणे बंद केले तरी नवल वाटले नसते.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग आणि घर संघाला दिले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी नाव मिळाले. जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस झाले. १९३५ मध्ये गांधीजी मगनवाडीत राहायला आले आणि त्यांच्या मंडळींचे लक्ष लागूनच असलेल्या सिंदी गावाकडे गेले. आज हे गाव सिंदी मेघे म्हणून वर्धा शहराला चिकटलेले आहे. बादल्या, फावडी आणि झाडू घेऊन ही मंडळी सकाळी सिंदीच्या वाटेवरचा मैला गोळा करत आणि तो पुरत. मीराबेन यांनी या कामाला वाहून घेतले होते, महादेव देसाईही त्यात होते. गावकऱ्यांचा प्रतिसाद थंड होता. मंडळी साफ करून गेली की दुसऱ्या दिवशी वाट पुन्हा तशीच. बाहेरून कोणी येऊन सफाई करतो म्हटल्यावर ती कोणाची तरी नोकरीच असणार, असाच गावाचा समज झाला. शेकडो वर्षे गावाने सफाई करणारा माणूस त्याच नजरेने पाहिला होता. पांढऱ्या खादीने ती नजर बदलली नाही.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवरच्या शेगाव या खेड्यात आले. १९४० मध्ये त्याचे नाव सेवाग्राम झाले. गाव हिवतापाचे आणि विषमज्वराचे. पहिल्याच वर्षी गांधीजींना हिवताप झाला, मीराबेन विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या. आश्रमात सफाईला जे महत्त्व मिळाले त्यामागे तत्त्वाइतकाच हा अनुभवही होता.

चराच्या संडासाची कृती सोपी आहे. जमिनीत उथळ चर खणायचा, त्यावर बसायला फळ्या आणि भोवती ताट्याचा आडोसा. उकरलेली कोरडी माती बाजूला ढीग करून ठेवायची आणि प्रत्येक वापरानंतर मैल्यावर टाकायची. चर भरला की आडोसा पुढे सरकवायचा. मैला किती खोल पुरावा यावर गांधीजी इंग्रज डॉक्टर जॉर्ज पुअर यांचा आधार देत : नऊ ते बारा इंचांपेक्षा खोल नको. जमिनीच्या या वरच्या थरात सूक्ष्म जीव भरपूर असतात, हवा आणि ऊब पोहोचते, आणि मैल्याची लवकर माती होते. खोल खड्ड्यात हवा नसते. तिथे तो कुजत राहतो आणि भूजल बिघडवतो. याच काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या संशोधन संस्थेत कंपोस्टची पद्धत बसवली होती. पालापाचोळा, शेण, मूत्र आणि माती यांचे थर रचून काही महिन्यांत खत करण्याची ती रीत १९३१ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि ‘हरिजन’ साप्ताहिकातून ग्रामसेवकांपर्यंत पोहोचली.

या साऱ्याला अर्थशास्त्राची बैठक दिली कुमारप्पांनी. जमिनीतून जे घेतले ते जमिनीला परत गेले पाहिजे, नाहीतर शेती म्हणजे साठ्याची लूट ठरते, हा त्यांच्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या ग्रंथाचा गाभा आहे. मैला गटारात सोडणे त्यांच्या लेखी आरोग्याचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा तो जमिनीच्या देण्याचा प्रश्न होता. कापसाने पोषण ओरबाडून घेतलेल्या वर्ध्याच्या जमिनीत बसून केलेला हा विचार आहे, आणि आज रासायनिक खतांचे बिल भरणाऱ्या शेतकऱ्याला तो कालबाह्य वाटण्याचे कारण नाही.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमचा आराखडा पुढे आला. सेवाग्रामला आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम यांच्या देखरेखीखाली जी शाळा चालली तिथे सफाई हा शिक्षणाचा भाग होता. मुलांच्या पाळ्या लागत. संडास साफ करणे, माती टाकणे, कंपोस्टचे खड्डे भरणे ही कामे मुले करत आणि त्याच अनुषंगाने जंत, माशी, खत, पाणी यांचे विज्ञान शिकत. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने खड्डा भरला आणि सहा महिन्यांनी त्यातले काळे, वासरहित खत बागेत घातले, त्याला मैल्याची किळस आणि मैला उचलणाऱ्याचा तिटकारा या दोन्हींतून सुटायला वेगळे प्रवचन लागत नाही. नयी तालीमच्या शाळा पुढे ओसरल्या तेव्हा गेलेल्या गोष्टींत ही सर्वांत मोलाची होती.

या प्रयत्नांचा सर्वांत कठीण भाग विनोबांनी केला. १९४६ पासून पवनारच्या परंधाम आश्रमातून ते रोज खांद्यावर फावडे घेऊन सुरगावला चालत जात आणि गावच्या वाटांवरचा मैला उचलत. ऊन, थंडी, पाऊस काही असो, नेम चुकला नाही. एकदा वाटेतला नाला भरून वाहत होता, पलीकडे जाता येईना. त्यांनी पलीकडच्या माणसाला हाक मारून सांगितले की देवळात जाऊन देवाला निरोप दे : गावचा भंगी आला होता, पुरामुळे पोहोचू शकला नाही. त्या माणसाने ‘बाबा आले होते असे सांगतो’ म्हटले तेव्हा विनोबांनी त्याला दुरुस्त केले : बाबा नाही, भंगी. हे काम १९४८ च्या सुरुवातीपर्यंत चालले. गांधीहत्येनंतर देशापुढचे दुसरे काम त्यांच्याकडे आले आणि सुरगावची फेरी थांबली.

याच काळात या सगळ्या दृष्टीला मुळातून आव्हान देणारा आवाज उठत होता आणि तो ऐकल्याशिवाय वर्ध्याचा इतिहास पुरा होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे म्हणणे स्पष्ट होते : सफाईच्या कामाला पवित्र ठरवल्याने ज्याच्यावर ते जन्माने लादले आहे त्याची सुटका होत नाही, उलट बेडीला मुलामा चढतो. १९२७ च्या महाडच्या सभेपासून त्यांचा आग्रह अशी हीन ठरवलेली कामे सोडून देण्याचा होता. ब्राह्मणाने स्वेच्छेने उचललेला डबा आणि नगरपालिकेच्या कामगाराने पोटासाठी उचललेला डबा, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्याला तो कधीही खाली ठेवता येतो. आश्रमांनी उच्चवर्णीयांची किळस मोडली, हे त्यांचे श्रेय आहे. पण कामगाराच्या डोक्यावरची टोपली उतरवण्याचे काम त्यांच्याकडून झाले नाही. ती उतरायला वेगळ्या प्रकारचा संडास आणि वेगळा कायदा लागणार होता.

चराचा संडास गावोगाव रुजला नाही याची कारणे साधी आहेत. त्याला जागा लागते, रोज माती लागते आणि चर भरला की आडोसा सरकवायला कोणीतरी लागते. आश्रमात शिस्त होती, पाळ्या होत्या. एकत्र कुटुंबात हे काम सुनेवर किंवा गड्यावर पडणार हे उघड होते. शिवाय वर्ध्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्याचे चार महिने चरात पाणी साठते आणि कोरडी माती मिळत नाही. ज्या जमिनीसाठी सोनखत हवे होते तिनेच ते करण्याच्या रीतीला अडचण घातली.

स्वातंत्र्यानंतर टोपलीच्या संडासांची चौकशी सुरू झाली. मुंबई राज्याने १९४९ मध्ये व्ही. एन. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, पण वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला. देशपातळीवरची मलकानी समिती १९५७ मध्ये नेमली गेली. डोक्यावरून मैला वाहणे बंद करावे, ढकलगाड्या द्याव्यात, अशा शिफारशी झाल्या. ढकलगाडीने टोपली डोक्यावरून चाकावर आली एवढेच. खरा पर्याय पाणबंद भांड्याने दिला. लखनौच्या प्लॅनिंग रिसर्च अँड ॲक्शन इन्स्टिट्यूटने पन्नाशीच्या दशकात स्वस्त, कमी पाण्यात चालणारे भांडे विकसित केले. त्याच्या वाकड्या नळीत थोडे पाणी कायम राहते. ते वास आणि माशी दोन्ही अडवते. १९७० मध्ये बिहारात बिंदेश्वर पाठक यांनी सुलभ संस्था स्थापली आणि दोन शोषखड्ड्यांच्या संडासाचा प्रसार केला. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा; दीड-दोन वर्षे बंद राहिलेल्या पहिल्या खड्ड्यात वासरहित खत तयार होते आणि ते घरचा माणूस फावड्याने काढू शकतो. सेवाग्रामच्या चरामागचा विचार आणि आंबेडकरांचा आक्षेप, दोघांनाही न्याय देणारी अशी ही एकमेव रचना म्हणता येईल.

महाराष्ट्रात याच वाटेवर आणखी दोन नावे घ्यावी लागतात. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी संडास, खत आणि गोबर गॅस यांची सांगड घालण्याचे प्रयोग केले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून झगडलेला हा माणूस. पुणे जिल्ह्यातल्या देहूला सरकारी डॉक्टर म्हणून गेलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी संडासाला जोडलेल्या बायोगॅस संयंत्राचा पाठपुरावा आयुष्यभर केला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. वर्ध्यात १९७६ मध्ये डॉ. देवेंद्रकुमार यांनी सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही संस्था सुरू केली. खेड्याला परवडणारी घरे, संडास आणि बायोगॅस हे तिचे विषय. कुमारप्पांच्या विचाराला प्रयोगशाळा मिळाली ती अशी.

सेप्टिक टाकी मात्र या परंपरेतून आलेली नाही. ती युरोपातून आली. फ्रान्समध्ये लुई मूरास यांनी १८६० च्या सुमारास घराचा मैला एका बंद टाकीत सोडला. काही वर्षांनी टाकी उघडल्यावर अपेक्षेपेक्षा फार थोडा गाळ निघाला. १८८१ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी अशी टाकी मोठ्या प्रमाणावर बांधली आणि तिचे आजचे नाव रूढ केले. त्यानंतर लवकरच मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात सेप्टिक टाकीचे प्रयोग झाले आणि तिथल्या मैल्यातून निघणारा वायू जाळून वापरण्यात आला. पुढे घरगुती टाकीत हा वायू व्हेंट पाइपने नुसता हवेत सोडला जाऊ लागला.

टाकीचे काम असे चालते. संडासातून आलेले पाणी तिच्यात किमान एक-दोन दिवस शांत थांबते. जड भाग तळाशी बसतो, तेलकट आणि हलका भाग वर तरंगून साय धरतो आणि मधले तुलनेने निवळ पाणी दुसऱ्या टोकाच्या नळीतून बाहेर पडते. तळाच्या गाळावर हवेविना जगणारे जिवाणू काम करतात. त्यातला काही भाग वायू आणि पाणी होऊन जातो, बाकीचा साचत राहतो. म्हणून कोणतीही टाकी कधी ना कधी भरतेच. बाहेर पडणारे पाणी दिसायला बरे असले तरी त्यात रोगजंतू आणि जंतांची अंडी असतात. ते शोषखड्ड्यातून जमिनीत मुरावे, वाटेत माती त्याला गाळून घेईल, ही रचनेची दुसरी अर्धी बाजू आहे. भारतीय मानक संस्थेने १९६३ मध्ये आय. एस. २४७० हे मानक काढून मापे ठरवली : रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर, लांबी रुंदीच्या दोन ते चार पट, तळ आणि भिंती पाणी न गळणाऱ्या.

अशी टाकी पाण्यावाचून चालत नाही. बादलीने विहिरीतून पाणी ओढणाऱ्या घरात तिचा उपयोग नव्हता. त्यामुळे सरकारी बंगले, इस्पितळे, वसतिगृहे आणि महाविद्यालये यांच्यामागून नळ आला तशी ती मध्यमवर्गाच्या घरांत शिरली. वर्धा, हिंगणघाट, आर्वी इथली मागची गल्ली हळूहळू ओस पडली. २०११ च्या जनगणनेत वर्धा आणि हिंगणघाट या दोन्ही शहरांनी लाखाचा आकडा ओलांडलेला दिसतो. शहराची खरी वाढ मात्र हद्दीबाहेर, सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे, नालवाडी इथल्या लेआउटमध्ये झाली. शेतजमिनीचे प्लॉट पडले, घरे उभी राहिली, आणि गटार नसल्याने प्रत्येक घराने आपली टाकी बांधली. १९३५ मध्ये जिथे महादेव देसाई बादली घेऊन फिरत होते ते सिंदी गाव आता सेप्टिक टाक्यांवर उभे आहे.

काळ्या जमिनीने इथेही आपला स्वभाव दाखवला. शोषखड्डा मुरमापर्यंत गेला नाही तर त्यात पाणी मुरत नाही. पावसाळ्यात तो उलटा भरतो. पाणी मुरत नाही म्हटल्यावर घरमालक टाकीचा आउटलेट सरळ रस्त्याकडेच्या नालीत सोडतो. मग डास, वास आणि जंतू सगळ्या वस्तीचे होतात. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीने स्वस्तात बांधलेल्या टाकीच्या भिंतींना तडे जातात आणि जवळच्या बोअरवेलचे पाणी बिघडते. शेजारपाजारच्या घरांत जुलाबाची साथ आली की पाण्याच्या टाकीत औषध टाकले जाते. जमिनीखालच्या टाकीकडे कोणी पाहत नाही. आणखी एक समज घातक ठरला आहे : टाकी जेवढी मोठी तेवढी चांगली, म्हणजे आयुष्यात एकदाही उपसावी लागू नये. वीस वर्षे न उघडलेल्या टाकीत गाळ दगडासारखा घट्ट होतो, मैल्याला थांबायला जागाच उरत नाही आणि तो आला तसाच बाहेर पडतो.

२०००-०१ मध्ये महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. विदर्भाच्या मातीतल्या, हातात झाडू घेऊन कीर्तन करणाऱ्या गाडगेबाबांचे नाव त्याला दिले हे योग्यच झाले. पुढे निर्मल ग्राम पुरस्कार आले, २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान आले, घरामागे १२,००० रुपयांचे अनुदान मिळाले आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. गोदरीवरचा पहाटेचा अंधार संपला, ही बायकांच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट आहे. सरकारची शिफारस दोन शोषखड्ड्यांची होती, तरी अनेक कुटुंबांनी पदरचे पैसे घालून मोठी टाकी बांधली. खड्डा रिकामा करण्याची वेळ आपल्यावर येऊ नये, ही त्यामागची इच्छा. सिंदीच्या गावकऱ्यांची नजर अजून पुरती गेलेली नाही.

भरलेली टाकी कोणीतरी उपसतोच. त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड साठलेले असतात, प्राणवायू नसतो. आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच कोसळतो. देशभर असे मृत्यू होत राहिले आहेत आणि मरणारे बहुतेक जण त्याच जातींतले आहेत ज्यांच्या आजी-पणजींनी टोपल्या वाहिल्या. १९९३ च्या कायद्याने कोरडे संडास बांधण्यावर बंदी घातली. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टाकीत आणि गटारात माणसाला धोकादायक रीतीने उतरवणेही गुन्हा ठरवले. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली.

उपसलेला मैला टाकायचा कुठे, हा जुना दुसरा प्रश्न आता नव्याने उभा आहे. सक्शन गाडीने ओढलेला गाळ नाल्यात किंवा पडीत जमिनीत ओतला तर गोदरी फक्त दूर गेली असे होते. सातारा जिल्ह्यातल्या वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर या शहरांनी वेगळी वाट धरली. तिथे नगरपालिकेने टाक्या ठरावीक वर्षांनी क्रमाने उपसण्याचे वेळापत्रक लावले आणि गाळ प्रक्रिया केंद्रावर नेला. टाकी तुंबण्याची वाट न पाहता ती ठरल्या वेळी उपसणे, आणि ते सगळ्या घरांसाठी पालिकेने करणे, हा त्यातला महत्त्वाचा भाग. वर्ध्याच्या मेघे गावांतल्या ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन अशी व्यवस्था उभी करण्याजोगी वस्ती तिथे आज आहे.

घरमालकाच्या हातात असलेल्या गोष्टी थोड्या आहेत आणि कठीण नाहीत. नवी टाकी वापरात आणण्यापूर्वी पाण्याने भरून घ्यावी. फिनेल, ॲसिड आणि कडक रसायने संडासात ओतू नयेत, त्याने गाळ जिरवणारे जिवाणू मरतात. सॅनिटरी पॅड, प्लास्टिक, उरलेले तेल आत जाऊ देऊ नये. टाकीच्या झाकणावर फरशी बसवून ते बुजवू नये. आउटलेट नालीत न सोडता मुरमापर्यंत खणलेल्या, वाळू-गिट्टी भरलेल्या शोषखड्ड्यात सोडावा आणि विहीर, बोअरवेल त्यापासून शक्य तितकी लांब ठेवावी. दर दोन-तीन वर्षांनी, तुंबण्याची वाट न पाहता, सक्शन गाडी बोलावून गाळ उपसून घ्यावा. तळाशी थोडा गाळ राहू द्यावा, नव्या मैल्यावर काम सुरू व्हायला तो लागतो. गाडीवाल्याला गाळ कुठे टाकणार हे विचारावे. आणि कितीही तातडी असली, मजूर स्वतः तयार असला, तरी टाकीत माणूस उतरवू नये.